शेजारतीपासून काकड आरतीपर्यंत: झोपायच्या खोलीतलं झाड

शिर्डीत रात्री शेजारती आटोपते, साईबाबांच्या समाधी मंदिराचे दरवाजे लागतात आणि गर्दी लॉजच्या खोल्यांकडे पांगते. नेमक्या याच वेळी गावातल्या कुठल्या तरी घरात, पलंगाजवळच्या कुंडीतल्या स्नेक प्लांटचं काम सुरू होतं. त्याच्या ताठ, पट्टेदार पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. दिवसभर गच्च मिटलेली ही रंध्रं अंधार पडला की उघडतात आणि पान खोलीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊ लागतं. पहाटे काकड आरतीला गाव जागं होतं तेव्हा पानाच्या पेशींमध्ये रात्रभराची कमाई आम्लाच्या रूपाने साठलेली असते. ऊन वर आलं की रंध्रं पुन्हा मिटतात आणि बंद पानाच्या आत, त्या साठ्यातून, साखर तयार व्हायला लागते.

आजूबाजूच्या शिवारातला ऊस, राहात्याचे पेरू, अंगणातली तुळस, गुरुस्थानचा कडुलिंब ही सगळी मंडळी याच्या अगदी उलट वागतात. त्यांची रंध्रं दिवसा उघडी आणि रात्री बहुतेक मिटलेली. म्हणजे आपण उशीवर डोकं टेकतो तेव्हा कामाला लागणारं झाड खरोखरच अस्तित्वात आहे, आणि नर्सरीत ते शे-दोनशे रुपयांत मिळतं. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

पण नर्सरीत त्याच झाडाखाली ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ अशी पाटी लावलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यात पिंपळाची आणि तुळशीचीही भर पडते. शिर्डीत तर हे पटकन पटतं, कारण लेंडी बागेत बाबांच्या नंदादीपाशेजारी कडुलिंब आणि पिंपळ दोन्ही उभे आहेत. त्या झाडांबद्दलची श्रद्धा खरी आहे, आणि झाडांचे उपकारही खरे आहेत. फक्त रात्रीच्या ऑक्सिजनचं विधान चुकीचं आहे. वनस्पती जो प्राणवायू सोडते तो पाण्याचा रेणू फोडून, आणि तो रेणू फोडायला प्रकाशाची ऊर्जा लागते. अंधारात पिंपळ असो, तुळस असो की स्नेक प्लांट, कोणालाही हे जमत नाही. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण त्याच्याकडून प्राणवायू सुटतो तो दुसऱ्या दिवशी उजेडातच.

आणि खरं सांगायचं तर रात्री प्राणवायू कमी पडण्याची भीतीच नको. हिशोब सोपा आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४,००० लिटर हवा मावते आणि त्यात सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. झोपलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर प्राणवायू वापरतो. दोन माणसं आठ तास झोपली तर २४० लिटर. खोली अगदी हवाबंद केली तरी सात हजारांतले अडीचशेसुद्धा गेले नाहीत. याउलट घरातल्या मंद उजेडात एक चौरस मीटर पानांनी भर दिवसा तासाला पाव लिटर प्राणवायू दिला तरी खूप झालं. एका झोपलेल्या माणसाची गरज भागवायला अशी साठेक चौरस मीटर पानं लागतील, तीही सूर्य असतानाच.

खरी अडचण उच्छ्वासाची आहे. तीच दोन माणसं रात्रभरात १९० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेरच्या हवेत हा वायू दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपल्या त्या हवाबंद खोलीत सकाळपर्यंत तो साडेपाच हजारांच्या वर जाईल. दाराखालच्या फटींमुळे प्रत्यक्षात इतका चढत नाही, पण बंद खोलीत दोन-अडीच हजार सहज होतो. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटतं, खोलीत कोंदट वाटतं, त्यात याचा वाटा असतो. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीत बाहेरची हवा खेळवून हा आकडा अडीच हजारांच्या घरातून हजाराच्या खाली आणला, तेव्हा मुलांची झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशीची तरतरीही. शिर्डीसारख्या गावात, जिथे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लोक खोली बंद करून स्प्लिट एसी लावतात. तो एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. दोन इमारतींच्या मधल्या बोळात उघडणाऱ्या खिडक्या तर वर्षानुवर्षं कडी लावूनच असतात.

यावर एक कुंडी काय करणार? चांगल्या उजेडात वाढलेलं, भरपूर पानांचं स्नेक प्लांट एका रात्रीत फार तर अर्धा लिटर कार्बन डायऑक्साइड आत घेईल. एका माणसाच्या रात्रभराच्या उच्छ्वासाच्या मानाने हे एक टक्कासुद्धा नाही.

याच्या उलट्या बाजूची भीतीही आपल्याकडे जुनी आहे: रात्री झाडाखाली झोपू नये, खोलीत झाड ठेवू नये. तिला विज्ञानाचा आधार मिळाला तो १७७९ मध्ये. त्याआधी १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली होती. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. एका हिरव्या फांदीने ‘खराब’ झालेली हवा दुरुस्त केली होती. मग डच वैद्य यान इंगेनहाऊझ यांनी दाखवून दिलं की ही दुरुस्ती फक्त हिरवे भाग करतात आणि फक्त उजेडात. अंधारात झाडही आपल्यासारखंच श्वास घेतं आणि हवा किंचित बिघडवतं. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. पण ‘किंचित’ हा शब्द लोक विसरले आणि रुग्णाच्या खोलीतून संध्याकाळी फुलं-झाडं बाहेर काढण्याची रीत युरोपात रूढ झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात या भीतीचा समाचार घेतला. झाडं रात्री जो वायू सोडतात तो नगण्य आहे असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि रंगीत फुलं पाहून रुग्णाला किती बरं वाटतं हेही लिहिलं. पण त्यांच्या पुस्तकात पहिला मान कशाला होता? खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी ताजी ठेवण्याला. म्हणजे खिडकीला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका परिचारिकेने नेमका क्रम लावून दिला होता: आधी खिडकी, मग फूल.

मग ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ म्हणून जी यादी फिरते ती आली कुठून? तिचं मूळ अंतराळात आहे. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकात हवेचे नमुने तपासले, तेव्हा प्लास्टिक, रंग, चिकटद्रव्यं यांतून सुटलेली शंभराहून जास्त सेंद्रिय रसायनं सापडली. बंद डब्यात माणसं महिनोन्‌महिने राहणार, तर ही रसायनं कोण काढणार? नासाचे बिल वुल्व्हर्टन यांनी मिसिसिपीमधल्या स्टेनिस केंद्रात झाडांवर प्रयोग केले आणि १९८९ मध्ये अहवाल दिला. छोट्या हवाबंद पेटीत एक कुंडी ठेवायची, बेंझीन किंवा फॉर्मल्डिहाइड सोडायचं आणि चोवीस तासांत किती उरतं ते मोजायचं. बऱ्याच झाडांनी बरंच कमी केलं. त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र यादीत कधी येत नाही: कामाचा मोठा भाग पानांचा नव्हता, तर मुळांभोवतीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचा होता. ते ही रसायनं फोडून खातात. पानं काढून टाकली तरी कुंडीतली माती काही काळ काम करत राहते.

तरीही छोटी हवाबंद पेटी वेगळी आणि आपली खोली वेगळी. दारा-खिडक्यांच्या फटींतून येणारी हवाच तासाभरात बरंचसं काम करून जाते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये असे १२ अभ्यास आणि त्यांतले १९६ प्रयोग एकत्र घेऊन हिशोब मांडला. खिडक्या-फटींतून आपोआप येणाऱ्या हवेची बरोबरी करायची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. आपली दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. कमीत कमी ११० कुंड्या. पलंगालाही जागा उरायची नाही.

हे वाचून कोणी निराश होऊ नये. हवेचा प्रश्न खिडकीने सोडवला की झाडाकडे झाड म्हणून बघता येतं. आणि झोपायच्या खोलीसाठी झाड निवडताना विचारायचा प्रश्नही मग बदलतो. हे झाड मला काय देईल, हे बाजूला ठेवा. माझ्या खोलीतला उजेड, कोरडेपणा आणि माझा आळस यांत ते जगेल का, हे विचारा. शिर्डीत या प्रश्नाचं उत्तर फार रंजक आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी की वाळत घातलेलं धोतर तासाभरात कडकडीत होतं. अशा हवेत दिवसा रंध्रं उघडणं महाग पडतं. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात. ज्या वनस्पती कोरड्या मुलखात वाढल्या त्यांनी म्हणूनच रात्रपाळी पत्करली. रात्री हवा गार असते, पाणी कमी उडतं. पण रात्री सूर्य नसतो, मग साखर कशी बनवणार? म्हणून आत आलेला वायू मॅलिक आम्लात बांधून ठेवायचा. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारं हेच आम्ल. पेशीच्या मोठ्या पोकळीत ते साठवायचं आणि सकाळी दारं बंद करून आतल्या आत सोडवायचं. निवडुंग, कोरफड, अननस, स्नेक प्लांट आणि पानफुटी, सगळे हेच करतात. आफ्रिकेतून आलेलं स्नेक प्लांट शिर्डीच्या बंद, कोरड्या खोलीत इतकं सुखाने का राहतं, याचं कारण हे.

पानफुटीचं नाव इथे मुद्दाम घेतलं. पुष्कळ मराठी घरांत मुलांनी तिचं पान वहीत किंवा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवलेलं असतं आणि पानाच्या कडेला इवली रोपं फुटताना पाहिलेली असतात. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे इतकी रुळली की परसातलीच वाटते. विज्ञानाला रात्रपाळीचा ठळक सुगावा याच पानाने दिला, आणि तोही भारतात. ईस्ट इंडिया कंपनीत काम करणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने दक्षिण भारतात असताना त्यांनी पानफुटीची पानं चाखली होती. सकाळी पान चुक्यासारखं आंबट, दुपारी जवळजवळ बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. एकाच झाडाचं पान दिवसातून तीनदा चव बदलतं! १८१३ मध्ये त्यांनी ही गोष्ट लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लॅम्बर्ट यांना पत्राने कळवली. रात्री साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होतं, म्हणून चव बदलते, हे समजायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. आज या सगळ्या रासायनिक मार्गाला पानफुटीच्या कुळावरूनच नाव मिळालं आहे.

त्याहून नवलाची गोष्ट पुढची. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ माल्कम विल्किन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पानफुटीच्या एका जवळच्या जातीची पानं तोडून सतत अंधारात ठेवली. सूर्य नाही, झाड नाही, मूळ नाही. तरी ती पानं काही दिवस साधारण दिवसभराच्या अंतराने आपला वायूचा व्यवहार कमी-जास्त करत राहिली. त्याच्या कितीतरी आधी, १७२९ मध्ये, फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ दे मेरां यांनी लाजाळूसारखं झाड अंधाऱ्या जागी ठेवलं, तेव्हाही त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली होती. झाडाला घड्याळ बघायला सूर्य लागत नाही. घड्याळ त्याच्या आत आहे. आपल्या शरीरातही तसंच घड्याळ आहे. तुमच्या झोपायच्या खोलीत रात्री अशी दोन घड्याळं चालू असतात, आणि त्यातल्या एकाची पाळी दुसऱ्याच्या उलटी असते.

आता निवडीकडे येऊ. झाड निवडण्याआधी खिडकी निवडायची, आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. भर दुपारी अंगणात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो. खिडकीपाशी, थेट ऊन नसलं तर, दोन-तीन हजार. पलंगाच्या डोक्याशी, पाच-सात फूट आत, दोनशे-तीनशे. आपली बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली ‘छान उजेडाची’ वाटते. झाडासाठी मात्र तिथे जवळजवळ उपासच असतो. अशा कोपऱ्यात झाड लगेच मरत नाही. महिनोन्‌महिने हळूहळू संपतं, आणि घरातले म्हणतात, पाणी तर रोज घालत होतो.

खिडकीची दिशाही शिर्डीत नीट समजून घ्यावी लागते. गाव साधारण पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो चक्क उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून चांगला आत येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतली कुंडी ऋतूनुसार पुढे-मागे सरकवावी. पश्चिमेची खिडकी मे महिन्यात पानं भाजून काढते. तिथे कोरफड आणि निवडुंग टिकतात, तेही पडद्याआड. झोपायच्या खोलीला पूर्वेची खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं.

खिडकीजवळ जागा असेल तर स्नेक प्लांट आणि कोरफड घ्या. खिडकीपासून थोडं आत झेडझेड प्लांट आणि मनी प्लांट टिकतात, आणि अ‍ॅग्लोनेमाही, पण एसीचा झोत थेट त्याच्या अंगावर येता कामा नये. अरेका पाम देखणा आहे, पण त्याला पाणीही भरपूर लागतं आणि शिर्डीच्या उन्हाळ्यात त्याच्या पानांची टोकं तपकिरी होतात. ज्याला रोज लक्ष देता येईल त्यानेच आणावा. तुळस खोलीत आणू नका. तिला भरपूर ऊन लागतं. तुळशीचं वृंदावन अंगणातच बांधायचं, हा जुना शहाणपणा उजेडाच्या दृष्टीनेही अचूक आहे. रातराणी अंगणात खिडकीपासून दूर असू द्या. तिच्या उग्र वासाने पुष्कळांचं डोकं चढतं.

मनी प्लांटबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या एका छोट्या बेटावरची ही वेल. तिला आपणहून फुलं येणं जवळजवळ ऐकिवात नाही, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिचं शरीर पुरेसं बनवत नाही. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ही गोष्ट जनुकापर्यंत शोधून काढली. फूल नाही म्हणजे बी नाही. जगभरातल्या खिडक्यांत लटकणाऱ्या जवळजवळ सगळ्या वेली म्हणजे फांदीवरून फांदी, तिच्यावरून फांदी, अशी हातोहात आलेली तीच ती वेल. शेजारणीने बाटलीत घालून दिलेल्या तुमच्या वेलीचंही तसंच.

माती आणि कुंडीत शिर्डीकर एक चूक हमखास करतात: शेतातली काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरतात. काळी माती उसाला, गव्हाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि वाळल्यावर तडे जाऊन पाणी कडेने वाहून जातं. ती एक भाग घ्या; शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि वाळू व कोकोपीट मिळून दोन भाग. स्नेक प्लांट, कोरफड असेल तर वाळू आणखी वाढवा. कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची घ्या. माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं, त्याच सच्छिद्र भिंतीतून कुंडीतला जादा ओलावाही बाहेर पडतो. मातीत दोन पेरं बोट घाला. आत ओल लागली तर पाणी नको. स्नेक प्लांटला उन्हाळ्यातही दहा-बारा दिवसांनी पाणी पुरतं, पावसाळ्यात त्याहून कमी. घरात मरणारी बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत, बुडून मरतात.

मातीच्या भांड्याचा विषय निघाला की शिर्डीतल्या एका जुन्या बागेची आठवण अपरिहार्य आहे. दाभोलकरांच्या श्री साईसच्चरितात तिचं वर्णन आहे. बाबा राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपं आणत, जमीन साफ करून लावत आणि स्वतः पाणी घालत. वामन तात्या नावाचा भक्त त्यांना रोज दोन कच्च्या घागरी देई. भट्टीत न भाजलेल्या मातीच्या. बाबा त्यांतून विहिरीचं पाणी आणून रोपांना घालत, संध्याकाळी त्या कडुलिंबाखाली ठेवत आणि त्या फुटून जात. दुसऱ्या दिवशी नव्या दोन. तीन वर्षं हा क्रम चालला. आज जिथे समाधी मंदिर उभं आहे, तिथे ती बाग होती. लाखो लोक ज्या फरशीवरून दर्शनाला पुढे सरकतात, त्या जागी एका फकिराने खांद्यावरून पाणी आणून जुई जगवली, हे कळल्यावर घरातल्या कुंडीला पाणी घालणं कंटाळवाणं वाटत नाही.

दोन गोष्टी मात्र खोलीत झाड आणण्याआधी पक्क्या ठरवा. पहिली डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी आणि मनी प्लांटची पाण्याची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात, म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही. बशी घासावी लागते. आरोग्य विभाग सांगतो तो आठवड्याचा कोरडा दिवस कुंड्यांनाही लागू आहे. बाटलीतली वेल मातीत लावली तर प्रश्नच मिटतो. डास झाले म्हणून बंद खोलीत कॉइल लावणं तर हवेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या: एक पूर्ण कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटच्या कणांइतके होते. जगातलं कुठलंही झाड हे निस्तरू शकणार नाही. झोपायच्या खोलीत रात्रभर धुमसणाऱ्या उदबत्तीचंही तेच. देवघरात लावा, धूर निघून जाऊ द्या आणि मग झोपा. मच्छरदाणी मात्र खिडकी उघडी ठेवू देते, डासही अडवते.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. मनी प्लांट, अ‍ॅग्लोनेमा, डिफेनबेकिया ही अळूच्याच कुळातली झाडं. अळूची भाजी चिंचेशिवाय केली की घसा खवखवतो, त्याला कारण पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. याही झाडांत त्या असतात, आणि डिफेनबेकियाचं पान मुलाने चावलं तर जीभ आणि घसा सुजतो. रांगतं मूल असलेल्या घरात डिफेनबेकिया आणूच नका, मनी प्लांट उंचावर टांगा. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम या बाबतीत निर्धोक आहेत.

मग एवढं सगळं सांभाळून झाड ठेवायचं कशासाठी, असं कोणी विचारेल. त्याचं एक उत्तर १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. दोन्हीकडे २३ रुग्ण, वय-प्रकृतीने जोड्या लावलेले. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. झाडाने त्यांच्या फुप्फुसात काही भरलं नव्हतं. ते नुसतं दिसत होतं. ज्या शिर्डीत हजारो लोक कुठला ना कुठला आजार, चिंता घेऊन येतात आणि ज्या घरांतल्या खोल्यांना समोरच्या लॉजची भिंतच दिसते, तिथे पलंगावरून दिसणारी एक हिरवी फांदी ही लहान गोष्ट नाही.

म्हणून नर्सरीत गेलात तर स्नेक प्लांट जरूर आणा, आणि त्याबरोबर ओळखीच्या कुणाकडून पानफुटीचं एक पान मागून घ्या. ते फुकट मिळतं आणि वाळूत नुसतं टेकवलं तरी रुजतं. झाड मोठं झालं की मुलांना घेऊन हाइनेंचा प्रयोग करा, पण पान चाखू नका. पानफुटी पोटात जास्त गेली तर हृदयाला घातक ठरू शकते. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा रसायनांच्या दुकानात पीएच पट्टी मिळते. एक पान पहाटे, काकड आरतीच्या सुमाराला तोडा, ठेचून रस काढा आणि पट्टी बुडवा. दुसरं पान त्याच दिवशी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी. पहाटेच्या पट्टीवर आम्ल स्पष्ट दिसेल, संध्याकाळच्या पट्टीवर बरंच कमी. दोन्ही पट्ट्या तारीख-वेळ लिहून वहीत चिकटवा, आणि त्या रात्री झोपताना खिडकीची कडी काढून ठेवा.